विश्लेषण : लग्न डोंगरातल्या गावी, नियोजन मीरा रोडला! तारीख धरण्याआधी विहिरीची चौकशी का करायची?

मे महिन्यातला मुहूर्त, शाळांना सुट्टी, गावच्या घरापुढे मांडव आणि मुंबईहून दोन बस भरून वऱ्हाड. मीरा-भाईंदरमध्ये राहणाऱ्या अनेक चाकरमानी कुटुंबांचा हा ठरलेला बेत असतो. पण सह्याद्रीतल्या वाड्यांवर पाणी सर्वात कमी असते ते नेमके याच दिवसांत. घाटरस्ता, मुक्काम, वीज, विवाह नोंदणी अशा गोष्टी शहरातल्या हॉलमध्ये आपोआप होतात. गावी त्या कुणाला तरी कराव्या लागतात. त्या नेमक्या कोण करते, आणि नियोजन कुठून सुरू करावे, याचा हा आढावा.

गावीच लग्न कशासाठी?

मीरा-भाईंदर हे बाहेरून आलेल्यांनी वाढवलेले शहर. २००१ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या ५ लाख २० हजारांच्या आसपास होती. २०११ मध्ये ती ८ लाख ९ हजारांवर गेली. या वाढीत कोकणातून आणि पश्चिम महाराष्ट्राच्या डोंगरपट्ट्यातून आलेली मराठी कुटुंबेही आहेत. पोलादपूर, महाड, खेड, जावळी, पाटण, महाबळेश्वर या तालुक्यांत ज्यांचे घर आणि देव आहेत, त्यांचा पत्ता मीरा रोडचा असला तरी लग्नपत्रिकेवर 'मु. पो.' पुढे गावाचेच नाव येते.

त्याची कारणे केवळ हौशीची नाहीत. कुलदैवत आणि गावदेव तिथे असतो. थकलेल्या आजी-आजोबांना एवढा प्रवास झेपत नाही. भावकीला मान देता येतो. शिवाय शहरातल्या हॉलचे भाडे, ताटामागे लागणारा दर आणि सजावटीचे पॅकेज यांचा हिशेब मांडला की गावचे लग्न स्वस्त वाटते. खरा पेच इथेच आहे. हॉलच्या भाड्यात पाणी, वीज, जनरेटर, स्वच्छतागृह, पार्किंग आणि दुसऱ्या दिवशीची साफसफाई धरलेली असते. गावी या प्रत्येक गोष्टीचे वेगळे बिल येत नाही, म्हणून ती फुकट असल्याचा समज होतो. प्रत्यक्षात तो भार वाडीतली घरे उचलतात.

तारखेचा पेच नेमका काय?

लग्नसराई सुरू होते तुळशीच्या लग्नानंतर, म्हणजे साधारण नोव्हेंबरपासून. आषाढी ते कार्तिकी एकादशी हा चातुर्मास. या काळात काही पंचांगे गौण मुहूर्त देतात, पण बहुतेक घरे लग्न धरत नाहीत, आणि डोंगरात पावसामुळे ते शक्यही नसते. पौष अनेक जण टाळतात. फाल्गुनात कोकणात शिमग्याच्या पालख्या असतात, चैत्रात अनेक गावांच्या यात्रा. उरतात एप्रिल आणि मे. तेव्हा मुलांच्या परीक्षा संपलेल्या असतात, नोकरदारांना रजा मिळते, आंबा-फणस तयार असतो. म्हणून चाकरमान्यांची बहुतांश लग्ने याच दोन महिन्यांत कोंबली जातात.

२०२६ साली हे महिने आणखी आखडलेले आहेत. १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ मास आहे आणि अधिक मासात विवाहमुहूर्त धरले जात नाहीत. एप्रिलचा उत्तरार्ध आणि मेचा पहिला पंधरवडा एवढ्यावर गर्दी एकवटते. एकच आचारी, एकच मांडववाला, तोच भटजी आणि तीच विहीर. मागणी मात्र चार लग्नांची.

मे महिन्याची अखेर धरण्यात आणखी एक धोका आहे. मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच आला. त्याआधीही वळवाच्या सरी आणि विजा डोंगरात दुपारनंतर कधीही येतात. कापडी मांडव एका वादळात जमीनदोस्त होतो.

एवढा पाऊस पडतो, तरी पाणी का नसते?

शहरातल्या पाहुण्यांना सर्वात न पटणारी गोष्ट हीच. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी ५ हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या नद्या तिथे उगम पावतात. सावित्री तर तिथून उतरून पोलादपूर, महाडकडे जाते. मग त्याच डोंगराच्या कुशीतल्या वाडीवर एप्रिलमध्ये हंड्यांची रांग का लागते?

उत्तर जमिनीखाली आहे. सह्याद्री हा काळ्या कातळाचा, म्हणजे बेसाल्टचा डोंगर. अखंड कातळात पाणी मुरायला जागा कमी. ते साठते भेगांमध्ये आणि वरच्या मुरमाच्या थरात. उतार तीव्र असल्याने पावसाचे बहुतांश पाणी काही तासांत ओढ्याने खाली निघून जाते. माथ्यावर जांभा असेल तर तो थोडे पाणी धरतो आणि झऱ्यांवाटे सोडतो. पण हे झरे दिवाळीनंतर हळूहळू बारीक होत जातात. जानेवारीत जो झरा हंडा लगेच भरून देतो, त्याच्याकडे मेमध्ये बराच वेळ बसून राहावे लागते. विहीर रात्रभर जेवढे झिरपेल तेवढेच सकाळी देते.

नळयोजना झाली असली तरी नळाचे पाणीही त्याच झऱ्यातून किंवा विहिरीतून येते. उगम आटला की नळ कोरडा पडतो.

एका लग्नाला किती पाणी लागते?

हिशेब मांडून पाहू. समजा ५०० माणसांचे जेवण आहे. पिणे, हात धुणे, स्वयंपाक आणि भांडी मिळून माणशी १५ लिटर धरले तरी ७ हजार ५०० लिटर झाले. मुंबईहून आलेले ८० जण दोन दिवस मुक्कामाला आहेत. त्यांना अंघोळ, शौचालय, कपडे यासाठी माणशी दररोज ५५ लिटर धरू. ते झाले ८ हजार ८०० लिटर. एकूण १६ हजार ३०० लिटर.

५५ लिटर हा आकडा मुद्दाम घेतला आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागात माणशी दररोज एवढ्या पाण्याचे उद्दिष्ट आहे. आता ६० घरांची वाडी घ्या, घरटी पाच माणसे. तीनशे माणसांना ५५ लिटरप्रमाणे दिवसाला लागतात १६ हजार ५०० लिटर. म्हणजे एक मध्यम आकाराचे लग्न संपूर्ण वाडीचे एका दिवसाचे पाणी संपवते, तेही उद्दिष्टाप्रमाणे पाणी मिळत असेल तर! मेमध्ये ते बहुधा त्याहून कमी असते. वऱ्हाड परतते, पण विहीर पुन्हा भरायला काही दिवस लागतात. त्या दिवसांत हंडा घेऊन लांबच्या पाणवठ्यावर जाणारी बाई लग्नाच्या फोटोत कुठेच नसते.

मग पाण्याची सोय कशी करायची?

सर्वात सोपा उपाय म्हणजे महिना बदलणे. मार्गशीर्षात किंवा माघात मुहूर्त मिळतात. तेव्हा झरे वाहते असतात, भात कापून झालेले असते, खाचरे मोकळी असल्याने मांडवाला आणि गाड्यांना जागा मिळते, हवा थंड असते. अडचण एकच, शाळा सुरू असतात. शनिवार-रविवार धरून ती बरीचशी सुटते.

एप्रिल-मे टळणारच नसेल, तर लग्नघराने पाणी बाहेरून आणायचे, हे आधीच ठरवावे. टंचाईच्या काळात सरकारी टँकर येत असेल, तर तो गावाच्या पिण्यासाठी असतो. लग्नासाठी त्यावर हक्क सांगता येत नाही. खासगी टँकर ठरवताना तीन गोष्टी विचाराव्यात. पाणी कुठून भरणार? वाडीपर्यंतचा चढ आणि वळणे तो टँकर चढू शकतो का? आणि आणलेले पाणी साठवायचे कशात? दहा हजार लिटरचा टँकर फाट्यावरच थांबला तर पुढचे दोन किलोमीटर पिंपे भरून पिकअपने न्यावी लागतात. त्यामुळे टाक्या आणि पिंपे भाड्याने आणून आदल्या दिवशी भरून ठेवलेली बरी.

पिण्याचे पाणी आणि वापराचे पाणी वेगळे ठेवावे. विहिरीत किंवा टाकीत क्लोरीन टाकण्याबाबत ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी किंवा आरोग्य सेवक मदत करू शकतो. उन्हाळ्यात दुधाची पक्वान्ने रात्रभर तशीच ठेवू नयेत. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किती अंतरावर आहे, हे किमान दोघा-तिघांना माहीत हवे. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे, पण घाटातून ती पोहोचायला शहरापेक्षा जास्त वेळ लागणार हे गृहीत धरावे.

वऱ्हाड घाटातून कसे न्यायचे?

मीरा रोडहून पोलादपूर साधारण २०० किलोमीटर. पहिला अडथळा शहराच्या वेशीवरच असतो. काशीमिराहून घोडबंदरमार्गे ठाण्याकडे जाताना गायमुख घाटात अडकलेली बस सकाळच्या मुहूर्ताचे गणित बिघडवते. पुढे पनवेल, पेण, माणगाव, महाड. खेडच्या दिशेने जाणाऱ्यांचा जुना कशेडी घाट आता बोगद्यामुळे टळतो. मात्र महामार्ग सोडून गावाकडे वळल्यावरचा अरुंद रस्ता तसाच आहे, आणि खरी जोखीम तिथे आहे.

२० डिसेंबर २०२४ रोजी पुण्याच्या लोहगावहून महाडजवळच्या बिरवाडीला लग्नासाठी निघालेली खासगी बस ताम्हिणी घाटात वळणावर उलटली. पाच जणांचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. ना पाऊस होता, ना रात्र. घाट मात्र होता.

घाट उतरताना फक्त ब्रेकवर अवलंबून राहिले की ब्रेक तापतात आणि त्यांची पकड कमी होते. म्हणून गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून इंजिनाच्या जोरावर वेग आवरायचा असतो. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हाही नियम आहे. या गोष्टी रोज घाटात गाडी चालवणाऱ्याच्या अंगवळणी पडलेल्या असतात. फक्त शहरात बस फिरवणाऱ्याच्या नसतात. त्यामुळे बस ठरवताना आसने आणि एसी यांच्याआधी 'चालक त्या घाटात कधी गेला आहे का?' हे विचारावे. रात्रभर प्रवास असेल तर दुसरा चालक हवा. रात्री हळदीला जागलेल्या चालकाला सकाळी स्टिअरिंगवर बसवू नये. त्याच्या झोपण्याची जागा पाहुण्यांच्या यादीतच धरावी.

मोठी बस जिथे वळत नाही तिथे १७ आसनी गाड्या किंवा फाट्यापासून जीप, हा मार्ग आहे. कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडच्या गावांना तर तापोळा किंवा बामणोलीहून लाँचने जावे लागते. उन्हाळ्यात पाणी उतरले की लाँच लागण्याची जागा मागे सरकते आणि नवरीला साडी सावरत गाळातून चालावे लागते. तिथली तारीख ठरवताना लाँचवाल्यांशी आधी बोलणे भाग आहे.

एसटी आणि रेल्वेचा काय उपयोग?

एसटी महामंडळ लग्नासाठी 'प्रासंगिक करारा'वर बस देते. त्यासाठी आगारात आधी अर्ज आणि अनामत भरावी लागते. करारात कोणते किलोमीटर धरले जातात, थांबण्याचा आकार किती, हे लेखी विचारून घ्यावे. उन्हाळ्यात एसटीच्या जादा गाड्या सुटत असल्याने करारासाठी बस मिळणे कठीण होते. अर्ज लवकर केलेला बरा. वेगवेगळे येणाऱ्या पाहुण्यांसाठी नियमित गाड्या आहेतच. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या प्रवासात ५० टक्के सवलत आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना राज्यात मोफत प्रवास आहे.

कोकणच्या वऱ्हाडासाठी रेल्वे हा घाट टाळण्याचा मार्ग. पश्चिम उपनगरांतून वसईमार्गे जाणारी वांद्रे-मडगाव एक्स्प्रेस २९ ऑगस्ट २०२४ पासून सुरू आहे, पण ती आठवड्यातून दोनच दिवस धावते. आरक्षणाची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० वरून ६० दिवसांवर आली आहे. म्हणजे तारीख सहा महिने आधी ठरली तरी तिकिटे दोन महिने आधीच काढता येतात. त्या दिवसाची सूचना मोबाइलमध्ये लावून ठेवावी.

गावाकडून काय मागायचे, काय नाही?

गावात लग्न म्हणजे वाडीचे लग्न. मांडवाचे बांबू, आंब्याचे डहाळे, जाते, मुसळ, घाणा भरायला सवाष्णी, वाढायला पोरे, हे सगळे हाकेवर येते. बऱ्याच गावांत मुंबईकर मंडळाने घेतलेली मोठी पातेली, पराती, टेबले आणि सतरंज्या असतात. नाममात्र वर्गणीवर त्या मिळतात. हे वैभव कोणत्याही हॉलमध्ये नाही.

पण गेल्या काही वर्षांत वाडीच बदलली आहे. तरुण मुले मुंबई, पुणे, सुरतेला. मागे उरलेली माणसे वयस्कर, आणि त्यातही बायका जास्त. वीस वर्षांपूर्वी जे काम चाळीस हात करत होते ते आज दहा हात करतात. तरीही मीरा रोडच्या सोफ्यावर बसून 'गावचे लोक करतील' हे वाक्य सहज बोलले जाते. कोण करेल, याचे नाव पुढे लिहिले की यादीत काकू, वहिनी आणि आजी याच येतात. त्यांनी लग्नात नटायचे की पाणी भरायचे, हा प्रश्न त्यांना कुणी विचारत नाही.

त्यामुळे कामे दोन भागांत वाटावीत. मानाचे काम भावकीकडे, कष्टाचे काम मजुरीवर. देवक, घाणा, हळद, गावदेवाला नारळ, पंगतीत आग्रह हे भावकीचे. पाणी भरणे, भांडी घासणे, भाकऱ्या थापणे, उष्टी काढणे यासाठी पैसे देऊन माणसे लावावीत, आणि ती त्याच गावातली किंवा शेजारच्या वाडीतली असतील तर ठरलेली मजुरी त्याच दिवशी हातात द्यावी. यात कुणाचा अपमान होत नाही. उलट फुकट राबवून घेतल्याची सल वर्षानुवर्षे राहते आणि पुढच्या लग्नात ती मानपानाच्या भांडणातून बाहेर येते.

मुक्कामाचेही तसेच. ८० पाहुणे आणि चार घरांतली चार शौचालये हे गणित बसत नाही. मुंबईकरांची बंद घरे उघडून घेता येतात, पण ती आठवडाभर आधी झाडून, वीज आणि पाणी तपासून घ्यावी लागतात. सुट्टीत जिल्हा परिषदेची शाळा मिळू शकते. त्यासाठी मुख्याध्यापक आणि ग्रामपंचायत यांची परवानगी घ्यावी, आणि परत देताना वर्ग होता त्याहून स्वच्छ करून द्यावा. नाहीतर फक्त वृद्ध आणि जवळचे नातलग यांनाच गावात ठेवून बाकीच्यांची सोय तालुक्याच्या ठिकाणी लॉजवर करावी.

वीज, आवाज, फटाके, पत्रावळी : नियम काय?

रोषणाईसाठी महावितरणकडून तात्पुरती वीजजोडणी घेता येते. खांबावर आकडा टाकणे गुन्हा आहेच, शिवाय वाडीच्या छोट्या रोहित्रावर भार वाढून सगळ्या गावाची वीज जाते. जनरेटर ठेवायचाच तर डिझेल आधी आणून ठेवावे.

ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. हा नियम गावालाही लागू आहे. दरीत आवाज घुमून समोरच्या डोंगरावरच्या वाडीपर्यंत जातो, याचा अनुभव शहरातल्या डीजेवाल्याला नसतो.

फटाके टाळावेत. एप्रिल-मेमध्ये डोंगरावरचे गवत वाळलेले असते. एका बाणाने वणवा लागतो आणि जनावरांचा चारा, आंबा-काजूची झाडे जळून जातात. वनहद्दीत आग लागली तर वन कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो.

थर्माकोल आणि प्लास्टिकच्या ताट-वाट्यांवर राज्यात मार्च २०१८ पासून बंदी आहे. पहिल्या वेळी दंड ५ हजार रुपये. गावात घंटागाडी येत नाही. जे फेकले जाते ते ओढ्यात जाते आणि पहिल्या पावसात भाताच्या खाचरात येऊन बसते. पानांच्या पत्रावळी किंवा मंडळाची स्टीलची ताटे हा पर्याय आहे. स्टीलला पाणी जास्त लागते, हे मात्र वरच्या हिशेबात धरावे.

विवाह नोंदणी गावी करायची की मीरा-भाईंदरला?

महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार विवाह नोंदणी ९० दिवसांत करणे अपेक्षित आहे. नंतरही ती होते, पण विलंब शुल्क द्यावे लागते. शहरात हे काम महापालिका करते, गावात ग्रामपंचायत स्तरावर ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी. वर किंवा वधू मीरा-भाईंदरची रहिवासी असेल तर तिथल्या पालिकेत नोंदणी करता येते.

अडचण होते ती कागदांची. अर्जात विवाह लावणाऱ्या भटजींची माहिती आणि सही लागते, तीन साक्षीदार लागतात, वय आणि पत्त्याचे पुरावे, लग्नाचा फोटो आणि पत्रिका लागते. भटजी गावचे, साक्षीदार तीन गावचे आणि अर्ज भाईंदरला, असे झाले की एका सहीसाठी पुन्हा २०० किलोमीटर जावे लागते. म्हणून कोरा अर्ज लग्नाला सोबत न्यावा आणि अक्षता पडल्यावर, जेवणाआधी, भटजींची सही घ्यावी.

नोंदणी झाली म्हणजे विधी नसला तरी चालतो, असा एक गैरसमज आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम ७ प्रमाणे रूढीनुसार विधी होणे आवश्यक आहे. विधीच झाला नसेल तर केवळ प्रमाणपत्राने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे सप्तपदी किंवा आपल्या समाजाच्या प्रमुख विधीचे फोटो जपून ठेवावेत. फक्त प्री-वेडिंगचे नकोत.

वयाचे पुरावे तर तारीख धरण्याआधीच पाहावेत. मुलगी १८ आणि मुलगा २१ वर्षांचा पूर्ण हवा. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ नुसार कमी वयाचे लग्न ठरवणारे पालकच नव्हे, तर ते लावणारेही दोषी ठरू शकतात. शिक्षा दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. 'गावात कोण बघतंय' हे आता खरे नाही. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक कुणीही फिरवू शकतो.

मोबाइलला रेंज नसेल तर?

शहरातले सगळे नियोजन व्हॉट्सअॅप ग्रुपवर चालते आणि तो ग्रुप घाटाच्या दुसऱ्या वळणावर मुका होतो. पत्रिकेसोबत पाठवलेले लोकेशन तिथे उघडत नाही. नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून ठेवण्यास पाहुण्यांना सांगावे आणि पत्रिकेवर खुणा लिहाव्यात : कोणता फाटा, कोणते मंदिर, शाळेनंतर डावीकडे की उजवीकडे. फाट्यावर एक माणूस उभा करणे हा जुना उपाय आजही सर्वात भरवशाचा आहे. यूपीआय चालणार नाही हे धरून मजुरी, टँकर आणि भटजींची दक्षिणा यासाठी रोख रक्कम आधी काढावी. गावात कुठे उभे राहिल्यावर रेंज येते, हे गावातल्या कुठल्याही पोराला माहीत असते. रुग्णवाहिकेला फोन करायची वेळ आली तर ती जागा चौघांना ठाऊक हवी.

नियोजनाचा क्रम कसा असावा?

सहा महिने आधी : गावकीशी बोलून त्याच आठवड्यात दुसरे लग्न, यात्रा किंवा पालखी नाही ना, हे पाहावे. त्या महिन्यात विहिरीला किती पाणी असते ते विचारावे. मग पंचांग उघडावे.

तीन महिने आधी : आचारी, मांडव, भटजी आणि बस ठरवाव्यात. लग्नघरातल्या दोघांनी बस जाणार त्याच रस्त्याने एकदा गावी जाऊन यावे.

दोन महिने आधी : रेल्वे तिकिटे, मुक्कामाची घरे, शाळेची परवानगी, वीजजोडणीचा अर्ज.

पंधरा दिवस आधी : टँकर आणि टाक्या पक्क्या कराव्यात, मजुरीवरची माणसे सांगून ठेवावीत, पाहुण्यांची अंतिम संख्या गावी कळवावी. 'पन्नास इकडे-तिकडे' म्हणजे साडेसातशे लिटर पाणी, हे लक्षात ठेवावे.

आदल्या दिवशी : टाक्या भरलेल्या, चालक झोपलेला, नोंदणीचा अर्ज पिशवीत.

मग गावी लग्न करूच नये का?

जरूर करावे. गाव सोडून गेलेल्यांनी परत येण्याची कारणे कमी होत चालली आहेत, आणि लग्न हे त्यातले सर्वात मोठे. बंद घरांची कुलपे निघतात, मांडववाल्याला, आचाऱ्याला, जीपवाल्याला चार पैसे मिळतात, मीरा रोडला वाढलेल्या मुलांना आपली भावकी कळते. पण गावाला विनाभाड्याचा हॉल समजून जाणे आणि गावाचे पाहुणे म्हणून जाणे यात फरक आहे. जो यजमान टाकी भरून आणतो, मजुरी देतो, उष्टे आणि कचरा आवरून निघतो, त्याचे लग्न वाडी वर्षानुवर्षे नावाजते.

निघण्याआधी एक काम एवढेच. उरलेल्या टँकरचे पाणी बागेत सोडून देऊ नये. ते वाडीच्या टाकीत किंवा घराघरांतल्या पिंपांत भरून द्यावे. मांडव सोडलेल्या सकाळी तरी कुणाला हंडा घेऊन लांब जावे लागू नये.